आत्याला जमलं, म्हणजे सगळ्यांना जमलं

माझ्या आत्याचं, जिला सगळेच आत्या म्हणतात, लोकर आणि बटणांचं दुकान होतं. खोली एवढीशी, पण एका भिंतीला वरपासून खालपर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आत असलेल्या बटणाचा एकेक नमुना शिवलेला. गिऱ्हाईक बटण तुटलेला शर्ट पुढे धरायचं, आत्या गप्पा न थांबवता मागे हात घालायची आणि नेमका खण ओढायची. पुढे लोक लोकर, बटणं, सगळंच फोनवरून मागवायला लागले. आत्याने काही काळ वाट पाहिली, मग एक दिवस शटर ओढलं आणि समोरच्या चपलांच्या दुकानदाराला म्हणाली, "लोकांना आता लोकरीला हात न लावता लोकर घ्यायची आहे. घेऊ देत. टोचली की आठवेन मी."

आत्याला निर्जीव वस्तूंशी भांडायची सवय आहे. खण अडकला, डब्याचं झाकण निघालं नाही, लिफ्ट मध्येच थांबली, तर ती त्या वस्तूला नावं ठेवायची, तिच्या कारखान्याचा उद्धार करायची आणि शेवटी एक थापड मारून काम करून घ्यायची. तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, अगदी उलट. ते नकाशे काढायच्या कचेरीत आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. झाकण निघालं नाही की डबा हळूच खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "माझंच काहीतरी चुकत असेल."

दुकान बंद झाल्यावर आत्याच्या गुडघ्याने डोकं वर काढलं. डॉक्टरांनी शेकायला विजेवरची पिशवी घ्यायला सांगितली. जवळच्या औषधांच्या दुकानात ती नव्हती, म्हणून मीच आत्याला म्हटलं, "ऑनलाइन मागव, दोन बटणं दाबायची आणि झालं." आणि मी निघून आले. पुढचं तिने मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी तिथे होते असंच आता मला वाटतं.

आतोबांच्या टॅबलेटवर पिशवी दिसत होती, किंमत दिसत होती, 'आत्ताच घ्या' असं बटणही होतं. आत्याने ते दाबलं. पान बदललं आणि वेबसाइटने विचारलं, तुम्ही कोण?

"मी गिऱ्हाईक. दुसरं कोण असणार?" आत्या टॅबलेटला म्हणाली.

वेबसाइटला तेवढं पुरेना. तिला ईमेल हवा होता, फोन नंबर हवा होता, जन्मतारीख हवी होती आणि पासवर्ड हवा होता. आत्याने पासवर्ड म्हणून आपलं माहेरचं आडनाव टाकलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: कमकुवत.

"अहो, बघा हे! माझ्या माहेराला कमकुवत म्हणतंय!"

आतोबा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "मी नाही हं म्हटलं."

मग कळलं की पासवर्डात एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि एक अक्षर मोठं हवं. आत्या मराठीतून लिहीत होती. आपल्या अक्षरांत लहानमोठं काही नसतं, सगळी एका मापाची. तिने सेटिंगमध्ये जाऊन सगळीच अक्षरं मोठी केली. त्याने पान इतकं फुगलं की पुढे जायचं बटण पडद्याच्या बाहेर गेलं. शेवटी वैतागून तिने इंग्रजीत काहीतरी बडवलं. ते वेबसाइटला फार आवडलं, हिरवी खूण उमटली, आणि काय बडवलं ते आत्या तिथल्या तिथे विसरली.

त्यानंतर फोनवर ओटीपी पाठवल्याचं कळलं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. आत्या दुखरा गुडघा धरून उठली, भिंतीला धरत आत गेली, चष्मा बाहेर राहिला म्हणून परत आली, चष्मा घेऊन पुन्हा आत गेली, आणि आकडा पाठ करत बाहेर येईपर्यंत वेळ संपली होती. नवा ओटीपी पाठवला आहे, असं पडद्यावर होतं. गुडघ्यासाठी पिशवी घ्यायची, तर आधी गुडघा चांगला धडधाकट हवा, असा एकूण प्रकार होता.

सगळ्यात शेवटी चौकोन आले. तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, ज्या चौकोनांत सिग्नल आहे ते निवडा.

"खांब सिग्नलमध्ये धरायचा की नाही?" आत्याने आतोबांना विचारलं. आतोबा नकाशेवाले. त्यांनी जवळ येऊन नीट पाहिलं आणि सांगितलं की खांब धरायला हवा, कारण खांबाशिवाय सिग्नल उभा कसा राहील. आत्याने खांब धरला. वेबसाइटने तिला रोबो ठरवलं.

मग तिने कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथे आधी एक यंत्र बोललं, ते म्हणालं की मदत हवी असेल तर आधी लॉग-इन करा. पुढे बऱ्याच वेळाने माणूस आला आणि आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. माझं दुकान होतं तेव्हा दारात येणाऱ्याला मी 'या' म्हणायचे, जन्मतारीख विचारायचे नाही. गिऱ्हाइकाला दारातच रोबो म्हणाल, तर आत येऊन ते खरेदी करेल की तुमच्या कानाखाली वाजवेल? माझ्या माहेराबद्दल तुम्हाला काय माहिती आहे? असं बरंच. पलीकडचा माणूस फक्त "हो मॅडम" म्हणत राहिला.

सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी हा फोन रेकॉर्ड होईल, असं ते यंत्र सुरुवातीलाच म्हणालं होतं. ते वाक्य सगळ्या कंपन्या म्हणतात आणि कुणी ऐकत नाही. या वेळी मात्र खरंच ऐकलं गेलं. आत्याचं बोलणं कंपनीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलं, लोक पोट धरून हसले, आणि पुढच्याच आठवड्यात तिला फोनवरून बोलावणं आलं. लॉग-इनचं पान नव्याने बनवतो आहोत, ते तपासायला तुमच्यासारखी सामान्य माणसं हवी आहेत, मानधन देऊ.

"तुमच्यासारखी म्हणजे कशी?" आत्याने विचारलं.

"ज्यांना जमत नाही अशी," पलीकडची मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

ती मुलगी पान बनवणाऱ्या गटात डिझायनर होती. मोठ्या गोल काचांचा चष्मा लावायची, म्हणून आत्या तिला पहिल्या दिवसापासून चष्मेवाली म्हणते. तिच्या वरच्या साहेबाला सगळी कचेरी चीफ म्हणायची. चीफ खुर्चीत कधी बसायचा नाही. फळ्यासमोर उभा राहून बाण काढायचा, आणि बाण नेहमी वरच्या दिशेलाच जायचे.

आत्याला काचेच्या एका खोलीत बसवलं. समोर लॅपटॉप, बाजूला बिस्किटांची बशी, आणि काचेपलीकडे आठदहा माणसं अंधारात बसून तिच्याकडे बघणारी. चष्मेवालीने समजावलं, "आत्या, इथे काही चूक-बरोबर नाही. आम्ही पानाची परीक्षा घेतोय, तुमची नाही. फक्त एक करायचं. काम करताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलायचं."

आत्याला आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून सगळ्यांनी उलटच सांगितलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली. हिरवा रंग शेवाळ्यासारखा दिसतो इथपासून ते 'सबमिट' हा शब्द ऐकला की पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं इथपर्यंत. काचेपलीकडची माणसं भराभर लिहून घेत होती. लॉग-इन काही झालं नाही, पण निघताना चीफने स्वतः येऊन शेकायची विजेवरची पिशवी तिच्या हातात ठेवली.

"बघा," आत्या घरी येऊन म्हणाली, "हातात दिली. कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही."

तिथून ती दर आठवड्याला जायला लागली. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं, त्यावर फोटोखाली 'सामान्य वापरकर्ता' असं छापलेलं. ते कार्ड ती बसमधून उतरल्यावर काढायची आणि भाजी घेताना, किल्ली बनवून घेताना, कारण नसताना बोटांत फिरवायची. कचेरीत तिचा एक मोठा फोटो भिंतीवर लागला आणि खाली लिहिलं होतं, 'आत्याला जमेल का?' बैठकीत कुणी नवीन काही सुचवलं की चीफ त्या फोटोकडे बोट दाखवायचा आणि सगळे गप्प व्हायचे.

आत्या जे म्हणेल ते होऊ लागलं. ती म्हणाली, माझं लक्ष आधी उजवीकडे वर जातं, कारण दुकानाचं दार त्या बाजूला होतं. बटण उजवीकडे वर गेलं. ती म्हणाली, चष्मा नसला की ओटीपी दिसत नाही, फोन करून सांगा. तशी सोय झाली. एक बाई फोन करून आकडे सावकाश म्हणायची आणि विचारायची, "मिळाला का?" 'हो' म्हटल्याशिवाय सोडायची नाही. ती म्हणाली, त्या सिग्नलच्या चित्रांत माझी नजर ठरत नाही, बटणं दाखवा, झोपेतसुद्धा ओळखेन. ती नुसतं बोलायला म्हणून बोलली होती. पण पुढच्या आठवड्यात चौकोनांतून सिग्नल गेले आणि बटणं आली. चार भोकांची बटणं निवडा, दोन भोकांची सोडा. आत्याने एका दमात निवडली. काचेपलीकडे टाळ्या वाजल्या.

या सगळ्यात एक गोष्ट आत्याने कुणाला सांगितली नव्हती. ती घरी सराव करायची. चारचौघांसमोर फजिती नको, म्हणून दुपारी आतोबांच्या टॅबलेटवर चारपाच वेबसाइटींवर खाती उघडायची, बंद करायची, पासवर्ड बदलायची. मोठं अक्षर कसं आणायचं ते ती शिकली. ओटीपीचा फोन आधीच मांडीवर घेऊन बसायला शिकली. त्यामुळे काचेच्या खोलीत तिला दर वेळी आधीपेक्षा कमी वेळ लागायचा, आणि चीफ फळ्यावर आणखी एक वर जाणारा बाण काढून म्हणायचा, "पान सुधारतंय!"

चष्मेवालीला शंका आली होती. एकदा ती हळूच म्हणाली, "आत्या, आज तुम्ही न वाचताच पुढे गेलात?"

आत्या चपापली. आपण फार हुशार झालो तर हे लोक आपल्याला बोलावणार नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. मग ती अडखळण्याचाही सराव करायला लागली. सुरुवातीला दोन ठिकाणी चुकायचं, "अगं बाई, हे काय आता?" म्हणायचं, चष्मा शोधायचा, आणि मग सपासप पुढे. घरी आरशासमोर ती हे करताना मी पाहिलंय. मी हसले तर म्हणाली, "हसतेस काय? न येणं सोपं वाटतं का तुला?"

यथावकाश ते पान सगळ्यांसाठी खुलं झालं. कचेरीत केक कापला गेला, आत्याच्या हातून. शंभरातल्या शंभर वेळा लॉग-इन यशस्वी, असं चीफने भाषणात सांगितलं. त्या सगळ्या वेळा एकट्या आत्याच्याच होत्या, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही, निदान कुणी बोललं नाही.

आतोबांना त्याच सुमारास फिरायला जायचे बूट हवे होते. त्यांचे पाय रुंद, दुकानात त्यांच्या मापाचे मिळत नाहीत. आत्याच्या वेबसाइटवर ते होते. आतोबा म्हणाले, "आज मी स्वतः मागवतो. तुझं पान बघू तरी कसं आहे."

दुपारची जेवणं झाली होती. आतोबा टॅबलेट घेऊन बसले आणि आत्या मागे उभी राहिली. कचेरीत शिकवलेला नियम तिला पाठ होता, बघणाऱ्याने मदत करायची नाही. ती नुसती बघत राहिली.

आतोबांनी बटण खाली शोधलं, डावीकडे शोधलं. ते वर उजवीकडे सापडलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं. मग फोन वाजला. आतोबांना एका कानाने कमी ऐकू येतं. बाईने आकडे सांगितले आणि विचारलं, "मिळाला का?"

"काय मिळालं?" आतोबा म्हणाले.

बाईने पहिल्यापासून आकडे सांगितले. "मिळाला का?"

"अहो, जरा मोठ्याने बोला."

बाईने त्याच आवाजात पहिल्यापासून आकडे सांगितले. आतोबांनी तिची माफी मागितली. तिसऱ्या की चौथ्या वेळी कसाबसा आकडा जुळला, आणि बटणांचे चौकोन आले. आतोबा चित्र मोठं करून एकेका बटणाची भोकं मोजायला लागले. एकावर सावली पडली होती, तिथे ते अडले. दोन भोकं की चार? त्यांनी बराच विचार करून निवडलं. तुम्ही रोबो असल्याचं दिसतं, खातं उद्यापर्यंत बंद केलं आहे, असं उत्तर आलं.

आतोबांनी टॅबलेट हळूच खाली ठेवला. चष्मा काढून पुसला.

"तुला कसं ग एका दमात जमतं?" ते म्हणाले. "तू हुशार झालीस खरी. माझंच डोकं आता चालत नाही. परवा मी चावीसुद्धा विसरलो होतो."

आतोबांनी उभ्या आयुष्यात डोंगर, नद्या, गल्लीबोळ बारीक रेघांनी कागदावर आणले होते, आणि ते आता बटणांच्या भोकांवरून स्वतःला मोडीत काढत होते. ती म्हणाली, "अहो, तुमचं काही चुकलं नाही. ते पान माझ्या अंगाच्या मापाने विणलंय. तुमच्या अंगाला कसं बसेल?" आतोबांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नव्हतं. संध्याकाळी ते फिरायलाही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्या न बोलावता कचेरीत गेली. तिथे फोन खणखणत होते. कस्टमर केअरवाल्यांच्या नाकी नऊ आले होते. अर्ध्या गिऱ्हाइकांना वेबसाइटने रोबो ठरवलं होतं आणि उरलेले फोनवरच्या बाईशी भांडत होते. चीफ फळ्यासमोर उभा होता.

"आत्या, तुम्हाला अजून जमतंय ना?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

"मला जमतंय. माझ्या नवऱ्याला जमत नाही."

"तुम्हाला जमतंय म्हणजे पान बरोबर आहे," चीफ म्हणाला. "लोक चुकतायत."

मग आत्याने सगळं सांगून टाकलं. घरचा सराव, खोटं अडखळणं, चष्मा शोधायचं नाटक. "तुमचे बाण वर जात होते ना, ते मी शिकत होते म्हणून. पान होतं तिथेच होतं. मला बोलता बोलता जे काही सुचलं ते तुम्ही ब्रह्मवाक्य समजून लावत गेलात. मी तर बटणं गमतीत म्हटली होती!"

चष्मेवाली जमिनीकडे बघत होती. चीफने थोडा विचार केला, आणि त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे सरावाने जमतं! उत्तम. तुमचा एक व्हिडिओ करू. आत्या शिकवतायत, लॉग-इन कसं करावं. गिऱ्हाइकांनी आधी तो व्हिडिओ बघायचा, मग खरेदी."

"मी नाही करणार," आत्या म्हणाली आणि गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तिला वाटलं होतं, कुणीतरी थांबवेल. चीफने कार्ड उचलून खिशात टाकलं. त्याच संध्याकाळी तिला कंपनीचा निरोप आला, आपण आता सामान्य वापरकर्ता या व्याख्येत बसत नाही, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. आत्याला राग आला आणि आनंदही झाला, आणि कुठला जास्त झाला ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

व्हिडिओ दुसऱ्याच कुणाला घेऊन बनला. तो इतका लांब होता की लोक बघता बघता वेबसाइट सोडून जायला लागले. मग एक गंमत झाली. व्हिडिओच्या ओझ्याने लॉग-इनचं पानच कोलमडलं. ते दुरुस्त होईपर्यंत तात्पुरतं म्हणून इंजिनिअरांनी ते बाजूला काढलं आणि गिऱ्हाइकांना नाव-पत्ता लिहून सरळ खरेदी करू दिली. विक्री एकदम चढली. आतोबांनी त्याच दिवसांत रुंद पायांचे बूट मागवले, एकही प्रश्न न विचारता ते घरी आले. कंपनीत मात्र बैठकांवर बैठका झाल्या. विक्री का वाढली? कुणी म्हणालं जाहिरातीमुळे, कुणी म्हणालं हवा बदलल्यामुळे. चीफने वर जाणारा बाण काढला, पण त्याला नाव काय द्यायचं ते त्याला सुचेना. शेवटी इंजिनिअरांनी अहोरात्र खपून लॉग-इनचं पान दुरुस्त केलं, परत बसवलं, आणि विक्री पुन्हा खाली आली. तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं, कारण खाली येणाऱ्या विक्रीची कारणं त्यांना पाठ होती.

चष्मेवालीने तेवढ्यात एक केलं. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'लॉग-इन न करता घ्या' अशी एक ओळ टाकली. चीफने परवानगी दिली, कारण एवढी बारीक ओळ कुणाला दिसणारच नाही असं त्याचं म्हणणं होतं. ती सगळ्यांना दिसली. आज त्या वेबसाइटवरची बहुतेक खरेदी त्या ओळीतून होते, आणि वरचं मोठं पान अजून जागेवर आहे, बटणांसकट.

पुढे चष्मेवालीने नोकरी बदलली. आता ती एका दवाखान्याचं वेळ ठरवायचं पान बनवते. रविवारी ते तपासायला ती आत्याकडे येते, पण आत्याला फोनला हात लावू देत नाही. त्याऐवजी जो कुणी जिन्यावरून जाताना दिसेल त्याला आत बोलावते. मागच्या रविवारी मी तिथे होते. खालच्या मजल्यावरचा प्लंबर पाना हातात घेऊन बसला होता आणि अंगठ्याने फोन चाचपत होता. आतोबा चहा गाळत होते. आत्या त्याच्या मागे उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"आता काय दाबू, आत्या?" प्लंबरने मान वळवून विचारलं.

चष्मेवालीने आत्याकडे डोळे वटारून पाहिलं. आत्याचं तोंड उघडलं, मिटलं. मग ती वळली, तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि कुणी मागितलं नसताना पाण्याचे ग्लास भरायला लागली.